आधी अर्थ सांगा

माझ्या मुलाचं नाव गोविंद आहे आणि ते मी ठेवलेलं नाही. माझ्या बायकोनेही ठेवलेलं नाही. बारशाला पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे मला मान्य आहे. माझ्या बहिणीने ठेवलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं. पण बहीण ठाण्याला, तिचा व्हिसा वेळेत झाला नाही, आणि आमच्या मुलाच्या कानात जिने 'कुर्रर्र' केलं ती बाई आमच्या नात्यातली सोडाच, आमच्या जिल्ह्यातलीही नव्हती. तिचं आमचं नातं एवढंच, की कुवेतमधल्या रिग्गईच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि ती तिसऱ्या.

आम्ही नाव ठरवलं होतं 'रिवांश'. सगळ्यांना तसं कळवलं होतं, केकवर तसं लिहून आणलं होतं. मंडळी जमली, बायकांचा पाळणा म्हणून झाला, आणि या तिसऱ्या मजल्यावरच्या आत्याबाई पाळण्यापाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आधी अर्थ सांगा," त्या म्हणाल्या.

"सूर्याचा अंश," मी म्हटलं.

"अंश कळला. रिव म्हंजे सूर्य कोणत्या कोशात?"

"नेटवर आहे."

"नेटवर मी बी उद्या टाकीन, पाटणकर म्हंजे चंद्र म्हणून. पडंल का तुमचं चांदणं?"

लोक हसले. माझ्या हॉलमध्ये, माझ्या खुर्च्यांवर बसून, माझा केक समोर असताना हसले. मी चिडून म्हटलं, "अहो, ऐकायला छान वाटतं!" तिथेच मी हरलो.

"कुकरची शिट्टी बी छान वाटती ऐकायला. ठेवा शिट्टी," असं म्हणून त्या पाळण्यात वाकल्या आणि आम्हाला काही सुचायच्या आत "कुर्रर्र... गोविंद!" म्हणून मोकळ्या झाल्या. बायकांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत बुक्के मारले. त्या बुक्क्यांत सामील व्हायची मला फार इच्छा झाली होती.

जन्मदाखल्यावर तो रिवांशच आहे. पण शाळेत त्याच्या वर्गात आणखी रिवांश निघाले, तेव्हा टीचरनेही घोटाळा नको म्हणून याला गोविंद म्हणायला सुरुवात केली. माझी बायको वैशाली तर पहिल्या दिवसापासूनच फितूर आहे. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, "आय लाइक गोविंद, बाबा. इट्स कूल." कूल! माझ्या आजोबांच्या पिढीतलं नाव कूल, आणि मी मुद्दाम नवीन शोधून आणलेलं कुणी विचारत नाही. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

तर या आत्याबाई म्हणजे निर्मला जोंधळे, मूळच्या परभणीकडच्या. हॉस्पिटलात हृदयविकाराच्या वॉर्डात सिस्टर. लग्न केलेलं नाही. पंचावन्नच्या आसपासचं वय, खणखणीत आवाज, आणि नाडी बघताना पेशंटकडे असं बघतात की त्याची नाडी घाबरून सरळ चालू लागावी. मी त्याच हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. म्हणजे घरी त्या माझ्या डोक्यावर, कामावर माझ्या डोक्यावर, आणि सकाळी बसमध्ये माझ्या शेजारी. पळायला जागाच नाही.

या बाईंची आत्याबाई कशी झाली, ते सांगतो. इकडे आपल्या लोकांना मुलं होतात, पण मुलांना आत्या नसते. आत्या नाशकात, आत्या साताऱ्यात. व्हिसा, रजा, तिकीट, तिच्या पोरांच्या परीक्षा. सगळं जुळेपर्यंत बाळ चालायला लागतं. फार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी बारशाला ऐन वेळी "आता नाव कोण सांगणार?" असा प्रश्न पडला आणि सिस्टर जोंधळे म्हणाल्या, "सरका, मी सांगते." तेव्हापासून अब्बासियातल्या तीन कुटुंबांच्या सामायिक फ्लॅटपासून बनेद अल-गारच्या समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटपर्यंत मराठी घरात पाळणा हलला, की बोलावणं तिसऱ्या मजल्यावर येतं. आत्येची साडी त्या घेत नाहीत. "साडी नको, घुगऱ्या द्या. न् आधी अर्थ सांगा." एवढीच अट. पण ती एवढीशी अट काय आहे, ते ज्याचं जळतं त्याला कळतं.

अब्बासियाच्या एका इंजिनिअरने आमचं ऐकून आधीच तयारी केली होती. 'कियान'चे तीन भाषांतले तीन अर्थ त्याने पाठ करून ठेवले होते आणि तिन्ही घडाघडा म्हणून दाखवले. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तीन अर्थ म्हंजे एक बी खरा नाही," त्या म्हणाल्या, आणि इंजिनिअरचा मुलगा आज माधव आहे. उलट खेडचे काझी, ज्यांचं आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराण्याचं दुकान आहे, त्यांच्या नातीचं नाव इनाया ठेवलं तेव्हा आत्याबाई दुकानात उभ्या राहून विचारत्या झाल्या. काझी म्हणाले, "इनाया म्हंजे काळजी, सिस्टर. दुसऱ्याची घेतात ती." आत्याबाईंनी तिथल्या तिथे त्या पोरीच्या हातावर दिनार ठेवला आणि पुढचा आठवडाभर आम्हा सगळ्यांना काझींचा दाखला देऊन सोलून काढलं. "त्यांना विचारलं की सांगतेत. तुम्हाला विचारलं की फोन काढताव!"

अशा या बाईंना एक धाकटा भाऊ आहे, सुनील. आईवडील लवकर गेले, सुनील तेव्हा शाळेत. त्याला यांनीच वाढवला, शिकवला, परदेशी पाठवला. तो वेल्समध्ये स्वान्सीला स्थायिक झाला आणि तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं. मुलीचं नाव कॅरिस. लग्न ठरल्याचा फोन आला तेव्हा आत्याबाईंनी भावाला मुलगी गोरी की सावळी, काय करते, घरचे कोण, हे काहीही न विचारता अर्थ विचारला. 'प्रेम' या शब्दापासून झालेलं नाव आहे म्हटल्यावर भावजय पास झाली.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात एकदा बसमध्ये त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि नेहमीसारखं भांडण न काढता खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाटणकर, मी आत्या होणार."

"आत्याबाई, कुवेतमधली निम्मी पोरं तुम्हाला आत्या म्हणतात."

"ती वेगळी. हे माझ्या भावाचं लेकरू."

लग्नाला खूप वर्षं झाल्यावर होणारं ते बाळ होतं. बाई इतक्या खुशीत होत्या की आठवडाभर त्यांनी माझ्या एक्स-रेंना नावं ठेवली नाहीत. वेल्सला जायचं, बारसं करायचं, नाव कानात सांगायचं, सगळं त्यांनी मनात मांडून ठेवलं. इकडे इजाजा म्हणतात त्या रजेचा अर्ज टाकला. आणि मग सुनीलचा फोन आला, की ताई, आम्ही वेल्श नाव ठेवायचं म्हणतोय.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला हुकूम झाला, "तुमचं ते नेट काढा."

तिथून पुढचे कितीतरी महिने माझं काय झालं, ते वैऱ्याचंही होऊ नये. रोज सकाळी बसमध्ये मी वेल्श नावं वाचायची, अर्थ सांगायचे, आणि त्या अर्थांबद्दल शिव्या खायच्या. जणू वेल्स देश माझ्या वडिलांनी वसवला आणि ही नावं मी फावल्या वेळात पाडली!

पहिलंच नाव काढलं, आयरा. तिकडे फार चालतं म्हणे.

"अर्थ?"

"बर्फ."

"बर्फ! लेकराला बर्फ म्हणायचं? आमच्याकडं बर्फ रसवंतीवर मिळतो, गोणपाटात गुंडाळलेला."

"आपल्याकडे तुषार नाव असतं की."

"तुषार अंगावर उडतो न् जातो. बर्फ पडून राहतो. फरक आहे, पाटणकर."

मी दुसरं काढलं, टेस्नी. अर्थ, उन्हाची ऊब. महिना जुलैचा. बसचा एसी दम टाकत होता, बाहेर रस्ता हलताना दिसत होता आणि खिडकीच्या काचेला बोट लावलं तर भाजत होतं. आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ऊन पाडलं.

"उन्हाची ऊब म्हणायलाव? त्या आईबापाला आठ दिवस रिग्गईला पाठवा म्हणावं. पोरीचं नाव बदलून नेतील."

मग आलं फिऑन. गोड नाव, फुलाचं नाव, बाई विरघळतील अशी माझी भाबडी आशा. "फॉक्सग्लोव्ह नावाचं फूल असतं म्हणे," मी वाचलं.

"कोणतं फूल म्हणालाव?"

मी पुन्हा वाचलं. बाईंचा चेहरा असा झाला की पुढच्या सीटवरच्या मल्याळी सिस्टरने वळून पाहिलं.

"अहो, डिगॉक्सिन! हार्टचं औषध, त्याच जातीच्या झाडातनं निघतं ते! नाडी साठच्या खाली असली की आम्ही मोठ्या माणसाला देत नाही, न् हे तान्ह्या लेकराला द्यायलेत! गोळी विचारून देतेत, नाव बिनविचार देतेत!"

"तिकडे लाडकं नाव आहे ते."

"असंल. म्हणून तर हार्टचे वॉर्ड भरलेत."

मुलांची नावं काढली तर ब्लेदिन निघालं, लांडग्याचं पिल्लू. मी म्हटलं, आपण नाही का नरसिंह म्हणत? "सिंह तोंडावर येतो, लांडगा मागनं येतो," असा निकाल लागला. टॅलिएसिन म्हणजे तेजस्वी कपाळ. "कपाळ!" त्या म्हणाल्या, आणि ते नावाला होतं की मला, हे मी विचारलं नाही. लिनोस नावाचा एक पक्षी आहे, आणि त्यातला पहिला 'ल' म्हणताना जीभ दातांमागे टेकवून बाजूने हवा सोडावी लागते. आत्याबाईंना तो येईना. न येणं हे त्यांना कधीच मान्य नसतं. वॉर्डात दिवसभर त्यांची हवा सोडणं चालू. एक म्हातारे कुवेती बाबा रोज जेवणाबद्दल तक्रार करत, ते या आवाजाने गप्प झाले. त्यांना वाटलं, सिस्टर आपल्यालाच दटावतेय.

आणि खरी संतापाची गोष्ट अशी, की मी वेल्सची बाजू घेऊन भांडू लागलो. माझ्या सात पिढ्यांत कुणी वेल्स बघितलेलं नाही. तरी मी घरी जेवताना म्हणायचो, "काय वाईट आहे? ग्वाउर म्हणजे पहाट, आपली उषा. हेद म्हणजे शांती, आपली शांता. एन्विस म्हणजे इंद्रधनुष्य. यांना अर्थ आहे, बाई नुसता आडमुठेपणा करतेय." वैशाली म्हणायची, "अर्थ आहे हे तिलाही कळतं. तिला कुणीतरी विचारायला पाहिजे आहे." मी म्हणायचो, "मला कुणी विचारलं होतं?" आणि गोविंदकडे बघायचो.

मग एका सकाळी बस यायच्या आधीच आत्याबाई खाली येऊन उभ्या होत्या. मी फोन काढायच्या आत म्हणाल्या, "सेरेन म्हंजे तारा. बरोबर का?"

"बरोबर."

"मग ठरलं. त्यांची सेरेन, आपली तारा. दोघांचं बी राहतंय. पोरगा झाला तर ओसियान. हरणाचं लेकरू, चालतंय."

या बाईने आजवर कुणापुढे एक पाऊल मागे घेतल्याचं कुवेतच्या मराठी माणसाने पाहिलेलं नव्हतं. त्यांनी माझ्यासमोर भावाला बोलून निरोप पाठवला. मोठ्या आवाजात, ठासून, दोन्ही नावं अर्थासकट सांगितली. अब्बासियातून मऊ कापड आणून बाळंतविडा शिवायला घेतला. झबल्यावर चंदेरी दोऱ्याने तारा काढला. इजाजा मंजूर झाला.

त्या निरोपाला सुनीलने उत्तर पाठवलं ते एक अंगठा. वर केलेला, पिवळा. ज्या बहिणीने आईच्या जागी उभं राहून वाढवलं तिला अंगठा! मला तेव्हाच चीड आली होती. आत्याबाई मात्र अंगठा सगळ्यांना दाखवत होत्या. "बगा, पसंत पडलं त्याला."

मुलगी झाली. फोटो आला, आणि फोटोखाली नाव आलं. इंग्रजीत लिहिलेलं, आपल्याकडे लिहायचं तर अंगहारद. अंगारा आणि शारदा यांच्या मधलं काहीतरी. नाव ठरलं होतं, सरकारदरबारी नोंदूनही झालं होतं. खाली सुनीलने लिहिलं होतं, की ताई, लगेच यायची घाई करू नकोस, कॅरिसची आई इथे आहे, घर लहान आहे, पुढे सावकाश ये. इकडे बारसं वगैरे काही करत नाहीत.

हे त्यांनी मला बसमध्ये दाखवलं. मग म्हणाल्या, "इजाजा रद्द केला. तशी बी वॉर्डात माणसं कमी आहेत."

इतक्या महिन्यांची सवय, तोंडातून निघून गेलं, "अर्थ काय हो याचा?"

"विचारला नाही," त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी चौथ्या मजल्यावरच्या जाधवांकडे बारसं होतं. जाधव तरुण, नवीन आलेले. नाव त्यांनी ठरवलं होतं 'झियांश'. बिचारे आदल्या दिवशी घाबरून माझ्याकडे आले होते, की काय सांगू? मी म्हटलं, काहीही सांगा, हरणारच आहात. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. माझ्या रिवांशचं जे झालं ते दुसऱ्याच्या झियांशचं होताना बघायला मी पुढची खुर्ची धरली होती.

आत्याबाई आल्या. इस्त्रीची साडी, केसात जाधववहिनींनी दिलेला गजरा. पाळण्यापाशी गेल्या. सगळा हॉल श्वास धरून. जाधवांचे ओठ हलत होते, अर्थ घोकत असणार.

त्या वाकल्या. "कुर्रर्र... झियांश," म्हणाल्या. सरळ झाल्या, बाळाच्या गालाला बोट लावलं, आणि घुगऱ्या न घेता जिन्याने खाली निघून गेल्या.

जाधव आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. लोक टाळ्या वाजवत होते. आणि मी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा काय प्रकार आहे? माझ्या मुलाला गोविंद आणि याला झियांश? माझ्या वेळी कोश आणि याच्या वेळी काही नाही? ज्या प्रश्नाला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, तो प्रश्न विचारला नाही म्हणून मला इतका संताप यावा, याचाही मला संताप आला. मी वैशालीला म्हटलं, "हे चालणार नाही. बाईंनी विचारायलाच पाहिजे होतं!"

वैशाली म्हणाली, "तिच्या सख्ख्या भावाने तिला विचारलं नाही. ती आता कुठल्या तोंडाने कुणाला विचारेल?"

मी जिन्यात गेलो आणि सुनीलला फोन लावला. वेल्श नावांच्या याद्या त्याला माझ्याच फोनवरून जायच्या, म्हणून नंबर होता. मी नमस्कारसुद्धा केला नाही. मी त्याला आडवं-उभं घेतलं. अंगठ्यापासून सुरुवात केली. म्हटलं, "ज्या बाईने इथल्या झाडून सगळ्या पोरांना नावं दिली, तिच्या घरचं पहिलं बाळ, आणि तिला फोटोखाली वाचून कळतं? अहो, रस्त्यावरच्या माणसाला कळवतात असं!"

तो म्हणाला, "पाटणकर, तुम्हाला ताई माहीत आहे ना? तिने अर्थ विचारला असता."

"मग सांगायचा!"

"ते कॅरिसच्या आजीचं नाव आहे. आजी गेली आणि पुढच्याच महिन्यात बाळाचं कळलं. कॅरिसने तेव्हाच ठरवलं होतं, आणि रडल्याशिवाय ती ते नाव घेऊ शकत नव्हती. ताईने त्याची चिरफाड केली असती तर? त्यात ताईचा निरोप आला, सेरेन नि तारा. मला तिला नाही म्हणता येईना, कॅरिसलाही सांगता येईना. मी कुणालाच काही सांगितलं नाही."

"म्हणजे तुम्ही भ्यालात."

"हो," तो म्हणाला. इतकं सरळ म्हणाला की मला पुढे ओरडता येईना, आणि तयार केलेलं पुष्कळ शिल्लक होतं.

तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला, कोण ओरडतंय म्हणून. फोन कॅरिसने घेतला. माझं इंग्रजी एक्स-रेच्या खोलीतलं, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, एवढ्यावर चालणारं. त्या इंग्रजीत मी तिला पाळणा, कान, आत्या सगळं समजावलं. ती म्हणाली, आत्याला असं काही काम असतं हे मला कुणी सांगितलंच नाही. मग ती सुनीलला वेल्शमध्ये की इंग्रजीत काहीतरी बोलली. शब्द कळले नाहीत, पण बायकोचा तो सूर मला घरचा आहे. मला म्हणाली, तिला बोलवा, आत्ताच.

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. मागून वैशाली आली. आत्याबाईंनी दार उघडलं. साडी बदलून गाऊन घातला होता, डोळे लाल होते, आणि आवाज नेहमीचाच चढवला होता. "काय हो, घुगऱ्या पोचवायला आलाव का?"

मी फोन समोर धरला. फोनमध्ये आता व्हिडिओवर कॅरिस होती, मांडीवर बाळ, मागे सुनील, शाळेत न सांगता सुट्टी घेतलेल्या पोरासारखा. आत्याबाई बघत राहिल्या. मग सवयीने, पण मी कधी ऐकला नव्हता इतक्या लहान आवाजात त्यांनी विचारलं, "अर्थ?"

सुनील घाईघाईने म्हणाला, "ताई, अतिशय प्रिय असा अर्थ आहे."

"कोशातला नको. तिला विचार."

त्याने विचारलं. कॅरिस बाळाकडे बघत बोलू लागली. सुनील अडखळत मराठीत सांगत होता. अर्थाचा मी कधी विचारच केला नाही, ती म्हणाली. माझी आई दिवसभर कामावर असायची, मला आजीने वाढवलं. मी तिला मॅमगी म्हणायचे. थंडीत माझे शाळेचे मोजे ती ओव्हनच्या दारावर ऊन करून ठेवायची आणि स्वतःच्या हाताने पायांत घालायची. माझ्यासाठी या नावाचा अर्थ ती आहे.

आत्याबाईंनी ऐकलं. पदर नव्हता, म्हणून गाऊनच्या बाहीनेच डोळे पुसले.

"हां," त्या म्हणाल्या. "हा अर्थ झाला. असा कुणी सांगतच नाही."

मग कॅरिसने फोन बाळाच्या कानाशी नेला. फोनमध्ये अंधार झाला, नुसता श्वासाचा बारीक आवाज येऊ लागला. आत्याबाईंनी फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला, दोन्ही हात टेबलाला टेकले आणि पाळण्यात वाकतात तशा वाकल्या.

"कुर्रर्र... अंगहारद."

नाव अगदी स्वच्छ आलं. एकटीने म्हणून बघितल्याशिवाय असं येत नाही. मला वाटलं, झालं. मी फोन घ्यायला हात पुढे केला, पण त्या सरळ झाल्या नाहीत. तशाच वाकलेल्या, फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन, आम्ही खोलीत आहोत हे विसरून त्या म्हणाल्या,

"न् मी निर्मला आत्या, बाळा. तुझी सख्खी."

इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी त्यांना आमच्या सोयीसाठी आत्या केलं, आणि घुगऱ्या देऊन घरी पाठवलं. वैशालीने माझा पुढे केलेला हात धरून खाली घेतला. पलीकडे बाळ जागं झालं होतं आणि रडू लागलं होतं, आणि आत्याबाई ते रडणं ऐकत होत्या.